कानाची पाळी
सरकीच्या तेलाचा वास आला की खामगावची ती रविवारची दुपार आठवते. तेलगिरणीमागच्या ओट्यावर मी आणि माझा मित्र, एकाच शाळेतले मास्तर, तीन पत्ती खेळत होतो. दोघांपैकी एकाची नांदुऱ्याला बदली होणार होती. हरेल त्यानं जायचं, असं आम्हीच ठरवलं होतं. माझ्याकडे दोन एक्के होते, तरी पत्ते घामानं बोटांना चिकटत होते. एवढ्यात त्यानं कानाची पाळी चोळली आणि माझा जीव भांड्यात पडला. हातात काही नसलं की तो कान चोळायचा. त्या खुणेवरच मी त्याला इतकी वर्षं हरवत आलो होतो. मी शो मागितला. त्यानं एकेक करत तीन राजे मांडले. "तू माह्या कानाकडे पाहत असतं, हे मले मालूम नाही काय बे?" आता तो दर रविवारी नांदुऱ्याला खेळायला येतो, आणि पत्ते उचलायच्या आधीच दोन्ही कान चोळून घेतो.