ब्रेकच्या दोन तारा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आक्काला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय तेही धड ठाऊक नाही — पण आता आत ठेवून बसवत नाही.

मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. मोटरचं प्रकरण माझं खास. पोरं मागून ‘मोटर सर’ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू — ते कानावर पडलं की मला बरं वाटतं. बघा, कबुली द्यायला बसलोय आणि सुरुवातीलाच स्वतःची टिमकी वाजवतोय. सवय कुठली जायला?

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भूकंपात आमचं गाव गेलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. दगडमातीखालून मला तिनं हातांनी उकरून काढलं. आई-वडील निघाले नाहीत. पुढं लोकांच्या घरी पोळ्या लाटून तिनं मला शिकवलं. लातुरात क्लास वाढले, बाहेरगावची पोरं आली, तशी तिनं स्वतःची मेस काढली. दुपारी डबे सायकलला अडकवून होस्टेलं फिरायची. चाळिशी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले.

त्या सायकलला मोटर बसवायची कल्पना माझीच. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी सायकल तयार करून पूजेला उभी करणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो.

मागच्या चाकात मोटर, कॅरिअरखाली बॅटरी, आणि कंट्रोलर — मोटरला केव्हा, किती वीज द्यायची ते ठरवणारी डबी. तिच्यातून तारांचा झुपका बाहेर येतो. मोटरच्या तारा जोडल्या. वेगाच्या मुठीच्या जोडल्या. राहिल्या दोन — ब्रेकच्या. ब्रेक दाबला की त्या कंट्रोलरला खबर देतात, आणि मूठ पिळलेली असली तरी मोटर बंद पडते. पण मोटरच्या किटमधला, आतच स्विच असलेला ब्रेक आक्काच्या जुन्या, दांड्यांच्या ब्रेकच्या सायकलला बसेना. वेगळा स्विच आणायला हवा होता. दुकान लांब नव्हतं. मग का नाही आणला? त्या तारांशिवायही चाक फिरत होतं, म्हणून. दाजी — आक्काचे यजमान — आणि सगळी गल्ली बघायला जमली होती, म्हणून. तारांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणालो, झालं.

आक्कानं सायकलला हळदकुंकू लावलं. माझ्या पक्कडीलाही लावलं. वर म्हणाली, “आमच्या बाळूच्या हातात लई विद्या हाय.”

चौथ्या दिवशी ती पडली. चौकात रिक्षा आडवी आली. तिनं ब्रेक दाबला — पण घाबरलेला माणूस ब्रेकबरोबर मूठही आवळतो, पिळतो. त्यासाठीच तर त्या तारा असतात. मोटर चाक पुढं रेटत राहिली. उजवं मनगट मोडलं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, होते माणसाकडून. थांबा. सांगायचंय ते पुढंच आहे.

दवाखान्यात तिला प्लास्टर घालत होते, दाजी तिच्याजवळ होते. सायकल घरी नेऊन टाकतो, असं सांगून मी निघालो. वाटेत स्विच घेतला. आक्काच्या अंगणात बसून तो ब्रेकच्या दांडीला बसवला, दोन्ही तारा जोडल्या. दहा मिनिटं लागली असतील. हात जरासुद्धा थरथरले नाहीत — हे मला सगळ्यात जास्त टोचतं. संध्याकाळी दाजींसमोर चाक उचलून धरलं, मूठ पिळली, ब्रेक दाबला. मोटर जागच्या जागी बंद.

“सरांनी तर समदं बरोबर केलतं,” दाजी म्हणाले. “हिलाच जमलं न्हाई.”

आक्का हात गळ्यात अडकवून दारात बसली होती. हसली. “ब्रेकच्या ऐवजी मूठच पिळली असंल मी. माझ्या हातालाच अक्कल न्हाई बघा.”

त्या हाताला! बोलण्यासारखं एकच होतं, आणि ते मी बोललो नाही.

मनगट जुळलं. पण ती पुन्हा कुठल्याच सायकलवर बसली नाही. लांबच्या होस्टेलांचे डबे सुटले, जवळचे तेवढे पायी दिले जातात. मिक्सर लावायचा तरी सुनेला हाक मारते. पडल्याची गोष्ट मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगते, स्वतःवरच हसते. मीही हसतो. आणि मला राग येतो — तिचा! इतकी कशी भोळी, असा. म्हणजे अजूनही दोष तिचाच.

यंदाच्या खंडेनवमीला सून म्हणाली, बॅटरीची स्कूटर घेऊ, लांबचे डबे परत धरता येतील. आक्का पाटावर माझी पक्कड मांडत होती.

“नको गं बाई. आपल्यासारखीला जमत न्हाई ते. विचार मामाला — त्यानं तर समदं नीट करून दिलतं.”

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. खरंच विचारत होती ती. याहून सोपी वेळ कुठली यायची होती?

“आक्काचं खरं हाय,” मी म्हणालो.

सून डब्यांच्या पिशव्या उचलून पायी निघाली. आक्कानं पक्कडीला कुंकू लावलं.

आक्कानं ब्रेक वेळेवर दाबला होता. तारा मी जोडल्या नव्हत्या.