शेवगावचा राखीव पाहुणा

माझी बायको वसुधा शेवगावला कार्यशाळेसाठी निघाली होती. मी म्हणालो, मीही येतो.

"विषय माहीत आहे का?" तिने विचारले.

विषय होता संगणक यंत्रणांची कार्यक्षमता आणि भरवसा. म्हणजे यंत्र किती वेगाने काम करेल आणि कधी बंद पडेल, हे ते बंद पडण्याआधी कागदावर काढायचे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्याकडे सगळे आधी बंद पडते, मग आम्ही त्यावर लिहितो.

"तू तिथे काय करणार?"

"वाटेत पांढरीपुलाची भेळ खाणार."

ती हसली नाही. तिचा प्रबंध अडला होता. त्याच्या समितीवर मुंबईचे नाडकर्णी सर आहेत. मुख्य आणि राखीव यंत्र एकदमच बंद पडण्यावरच्या मधल्या प्रकरणावर त्यांनी शेरा मारला होता : इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी एक अख्खे प्रकरण कशाला? ते प्रकरण काढले तर उरतो तो इतरांनी आधीच लिहिलेला प्रबंध. नाडकर्णी सर शेवगावला येणार होते. त्यांच्यासमोर तेच प्रकरण मांडायची ही एकच संधी होती.

पुण्याहून नगरला एसटी भरपूर. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. बायकांना अर्धे तिकीट. त्यामुळे नवऱ्याने सोबत जाणे हा खर्चाचाच भाग ठरतो, आणि ते मला ऐकवले गेले. वाघोली ओलांडणे हाच खरा प्रवास, पुढे रस्ता मोकळा. नगरला गाडी बदलायची. पांढरीपुलाला बस थांबली. भेळ तिखट होती, ओली होती आणि ऐकले होते तशीच होती. वसुधाने खाल्ली नाही. ती कागदावर बाण काढत होती.

शेवगावात स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी लवकर. खानावळीत शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी मागावी. आमटी पहिल्या घासाला साधी वाटते. दुसऱ्या घासाला पाणी लागते.

सकाळी कॉलेजात प्राध्यापक गर्जे भेटले. कार्यशाळा त्यांनीच भरवली होती. विषय त्यांनी फार मनावर घेतला होता.

"मॅडम, समदं डबल हाय. प्रोजेक्टर दोन, माईक दोन. लाईट गेली तर जनरेटर."

"आणि प्रमुख पाहुणे?" मी गमतीने विचारले.

"ते बी दोन."

ही गंमत नव्हती. या भागात मोठ्या माणसाची सकाळ त्याच्या हातात नसते. कुठे साखरपुडा निघतो, कुठे दहावा. म्हणून जाणती कॉलेजे एक राखीव पाहुणा ठेवतात. मुख्य आला नाही, तर राखीव पाहुण्याला बढती मिळते. मुख्य आला, तर राखीव 'विशेष उपस्थिती' होतो. शाल दोघांनाही मिळते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. आज मुख्य होते एका कारखान्याचे संचालक आणि राखीव होते एक निवृत्त मुख्याध्यापक.

उद्घाटनानंतर लगेच वसुधाचे भाषण होते. नाडकर्णी सर पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, मांडीवर पर्स, डोळे दाराकडे. जेवण झाले की त्यांना शिर्डीला जायचे होते. बाहेरगावचा तज्ज्ञ इकडचे निमंत्रण इतक्या चटकन का स्वीकारतो, हे मला तेव्हा कळले.

पाहुणे येईनात. मुख्य नाहीत, राखीवही नाहीत. गर्जे फोन घेऊन बाहेर गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले.

"मिरी गावाच्या फुडं गाडीचा क्लच गेला."

"कुणाच्या?" प्राचार्यांनी विचारले.

"साहेबांच्या."

"मग गुरुजींना घ्या ना!"

"गुरुजी बी त्याच गाडीत हायेत, सर. साहेब म्हनले, येगळी गाडी कशाला काढता, बसा की माझ्यासंगं."

वसुधाने हातातला कागद खाली ठेवला. कित्येक महिन्यांत तिला इतके खूश पाहिले नव्हते. ती प्राचार्यांकडे गेली.

"सर, तोवर मी बोलू का?"

"दीपप्रज्वलनाआधी कार्यक्रम कसा सुरू करणार, मॅडम? साहेब काय म्हणतील?"

नाडकर्णीबाईंनी घड्याळ पाहिले. ते वसुधानेही पाहिले.

"माईक तपासलेत का?" तिने विचारले.

"दोन्ही तपासलेत."

"दोन्ही एकाच वेळी चालू ठेवून?"

गर्जेंच्या लक्षात आले. "ते न्हाई बघितलं, सर. बघायला पायजे. टेस्टिंगला दिवा लागत न्हाई."

प्राचार्यांनी बराच विचार केला. "करा. पण स्टेजवरून नको."

वसुधा स्टेजच्या खाली, समईच्या बाजूला उभी राहिली. दोन्ही हातांत दोन माईक. "हॅलो, हॅलो," ती म्हणाली आणि भाषण सुरू झाले.

"समजा, दोन पाहुणे आहेत. प्रत्येक जण दहात एकदा येत नाही. दोघेही येणार नाहीत असे किती वेळा होईल? पुस्तक म्हणते, शंभरात एकदा. या भरवशावर आपण दोन यंत्रे ठेवतो. पण दोघांची गाडी एकच असेल तर?"

मागून कोणीतरी ओरडले, "धात येकदा!"

"आणि ती गाडी जुनी असेल तर?"

"साहेबांची गाडी जुनी न्हाई हां!" गर्जे घाईने म्हणाले.

नाडकर्णी सर उठले. "पण दोघे एकाच गाडीने येतील हे कशावरून? अपवाद आहे हा."

मागचाच आवाज आला. "सर, हितं गाडीत बसा म्हनलं आन् बसला न्हाई, तर मानूस रुसतो."

सभागृह हसले. वसुधा थांबली नाही. "म्हणजे राखीव पाहुणा जितका खात्रीचा, तितका तो मुख्य पाहुण्याच्या ओळखीचा. ओळखीचा, म्हणजे त्याच्याच गाडीतला. सर, हा अपवाद नाही. आपण राखीव निवडतो तेव्हाच हे ठरते."

नाडकर्णी सर खाली बसले. पुढे काय म्हणणार होते ते कळले नाही, कारण बाहेर हलगी वाजली. दोन्ही पाहुणे एका टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी दाटीने बसून आले होते. वसुधा वाक्याच्या मध्येच थांबली. "माईक ठीक आहेत," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

मग दिवा, स्वागतगीत, सत्कार. संचालकसाहेब भरवशाच्या विषयावर बोलले आणि छान बोलले. क्लचचा उल्लेख त्यांनी टाळला. गुरुजी त्याच विषयावर पुन्हा बोलले. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. वसुधाचे छापील भाषण तसेच राहिले. नाडकर्णी सर पहिल्या पंगतीला जेवून, शाल आणि नारळ घेऊन गाडीकडे निघाले. वसुधा मागोमाग गेली, मी तिच्या मागे.

गाडीचे दार उघडून ते तसेच उभे राहिले. "दुर्मीळ म्हणालो होतो मी."

"हो, सर."

"मी मुंबईत राहतो. आमच्याकडे कोणी कोणाला गाडीत घेत नाही." मग म्हणाले, "प्रकरण राहू दे. पण पहिले उदाहरण हेच घाला."

"बसा आता," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या. "तिकडे रांग वाढतेय."

वसुधाने त्या दिवशी मठ्ठ्याबरोबर जिलेबी खाल्ली, माझ्या पानातलीसुद्धा. दुपारी हॉल अर्धा रिकामा होता. कोणीतरी रांगांच्या गणितावर बोलले. मला ते जवळजवळ समजले.

घरी आल्यावर तिने प्रकरण पुन्हा लिहिले. मी फक्त स्वल्पविराम पाहिले. शेवगावहून काय आणले, असे मित्र विचारतात. पाहण्यासारखे काय आहे, असेही विचारतात. मी त्यांना आमटीचे सांगतो. खरे तर मी एक शंका घेऊन आलो. दोन संकटे एकदम आली की आम्ही मराठीवाले त्याला दैव म्हणतो आणि पान उलटतो. आता मी थांबून गाडी शोधतो.

प्रकरण मुंबईहून मान्य होऊन आले. समासात नाडकर्णी सरांची एकच शंका होती. बिघाडानंतर पाहुणा दुरुस्त केला की बदलला, हे स्पष्ट करावे.

वसुधाने खाली लिहिले : दोन्ही नाही. वाट पाहिली.