अष्टमीचं पाणी

त्या दिवशी मी ठाण्याच्या मासळी बाजारात गेलेले ती खास हिराबाईंना खूशखबर द्यायला. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट... नुकतीच बी.एस्सी. होऊन पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागलेले आणि स्वतःला फार शहाणी समजायचे.

हिराबाई बाळकुमच्या कोळीण. खाडीकाठच्या रंगाच्या कारखान्यातून घाण पाणी सुटतं आणि मासळी मरते, अशी त्यांच्या गावाने तक्रार केलेली. कारखानावाले म्हणत, हे लोक खोटं बोलतात, भरपाईसाठी कांगावा करतात. खरं कोण, ते आमच्या तपासणीवर ठरणार होतं.

केळकर साहेब माझे वरिष्ठ. रागीट, पण कामाला चोख... सहा महिने आम्ही दर पंधरा दिवसांनी भर दुपारी बाळकुमला जायचो. हिराबाईंचे यजमान होडी वल्हवायचे आणि खाडीच्या मधोमध जाऊन आम्ही बाटल्या भरायचो.

गावात तेव्हा फोन कुठला? म्हणून साहेबांनी दिवसच ठरवून टाकलेले, पौर्णिमा आणि अमावस्या. निरोप धाडायला नको, कोणी विसरायला नको. होडीही कशी थेट काठच्या पायरीला लागायची, त्यामुळे आम्ही खूश.

बाटली भरली की तिथल्या तिथे दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर खाली बसणारा साका तपकिरी होतो, नसला तर पांढराच राहतो. आमच्या बाटल्या दर वेळी मस्त तपकिरी... कडक चहासारख्या. रिपोर्ट टाईप झाला. पाणी उत्तम!

तेच मी बाजारात हिराबाईंना, खाडी स्वच्छ आहे म्हटल्यावर त्या खूशच होतील अशा समजुतीने, उत्साहाने सांगत बसले. समोर त्यांच्या पाटीत मूठभर कोलंबी नि चिखलातल्या चार निवट्या, पण माझ्या टाळक्यात काही शिरेल तर शपथ. त्या भडकल्या नाहीत.

"बाय, तुमी येता तवा भरती असते. अमावस-पुनवेच्या दुपारी दर्याचा ताजा पानी वर येतो. तुमचे पायाला चिखल लागू नये म्हनून तुमी ती येल धरता, असा वाटला आमाला."

मग त्यांनीच मला नीट समजावलं, की अष्टमीच्या दुपारी ओहोटी असते, त्यात त्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, घाण आली की तिथेच घुटमळते. मासे वर येऊन तोंडं उघडतात ते तेव्हा. बाळकुममध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं... आम्ही सहा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

ऑफिसात आले तर रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर, सहीसाठी. खोटं कशाला बोलू, गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. माझी नोकरी टेंपररी, आणि साहेबांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण ती पाटी काही डोळ्यांसमोरून हलेना... सांगून टाकलं सगळं.

साहेबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं. एकेक पान उलटून तिथ्या बघत गेले. कानशिलं लाल झालेली. मी बोलणी खायच्या तयारीने उभी. शेवटी पेनाला टोपण लावत त्यांनी एवढंच विचारलं, "अष्टमी कधी आहे?"

अष्टमीला गेलो तर होडी पायरीपासून लांब, मध्ये सगळा चिखल. साहेबांनी बूट-मोजे काढले, पॅन्ट दुमडली आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरले. मागून मी, साडी वर खोचून, नाक दाबून. मेला काय तो वास!

हिराबाईही त्या दिवशी होडीत आलेल्या. बाटली भरली, औषधं घातली, हलवली... पांढरं. दुसरी भरली, तीही पांढरी. ते पांढरंशुभ्र बघून बिचाऱ्या हिराबाईंचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं, आजही पाणी चांगलंच निघालं. साहेब म्हणाले, "नाही बाई. पांढरं म्हणजे माशाला श्वास घ्यायला इथे काही उरलेलं नाही."

पुढच्या तीन अष्टम्या आम्ही पुन्हा गेलो. मग साहेबांनी नवा रिपोर्ट लिहिला, आणि त्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आमच्या आधीच्या सहा महिन्यांच्या तपासण्या चुकीच्या वेळी केलेल्या आहेत, त्या धरू नयेत, आणि ही चूक बाळकुमच्या हिराबाईंनी दाखवून दिली. वरच्यांनी सुचवलं, अहो, हे वगळा, तुमचंच हसं होईल. साहेब ऐकतात थोडेच! तो परिच्छेद तसाच गेला.

यथावकाश कारखान्याला पाणी निवळायच्या टाक्या बांधाव्या लागल्या. मासळी काही पहिल्यासारखी झाली नाही, पण आली... हळूहळू.

त्याआधी, रिपोर्ट गेला त्याच आठवड्यात साहेब मला घेऊन बाळकुमला गेले. हिराबाईंना वाचता येत नव्हतं. साहेबांनी त्यांच्या ओट्यावर बसून तो पहिला परिच्छेद साध्या मराठीत वाचून दाखवला. शेजारपाजारचे पाच-दहाजण येऊन उभे राहिलेले.

हिराबाईंनी तो परत एकदा वाचायला लावला. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "म्हंजी आमी खोटा नव्हतो बोलत."

"नाही," साहेब म्हणाले. "चुकलो आम्ही."

एवढा करडा माणूस, पण सगळ्या शेजारपाजारासमोर त्यांनी ते कबूल केलं. आता माझी नव्वदी जवळ आली. पुढे नोकरीत खूप शिकले, मोठमोठ्या माणसांच्या हाताखाली काम केलं... पण साहेबांइतका मोठा माणूस मला परत भेटला नाही, आणि हिराबाईंइतकी चांगली शिक्षिकाही.