सासूबाईंची वाटी आणि माझं मोठं मशीन

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगतो. मी जे करून बसलो ते ऐकताना माणसांना ठसका लागतो, आन् शर्टावरच्या डागाचं खापर पुन्हा माझ्यावर.

सणसवाडीच्या एका कंपनीत मी सिक्युरिटी सुपरवायझर. सुट्टी झाली की कामगारांच्या अंगावरून मेटल डिटेक्टर फिरवायचा, दहा वर्षं हेच काम. त्यामुळं या विषयात मला कुणी शिकवावं असं काही उरलेलंच न्हाई, ही माझी समजूत.

मांडवगण फराट्याला माझी सासुरवाडी. कांदा काढताना सासूबाईंचं मंगळसूत्र तुटलं. मणी सापडले, एक वाटी सापडली, दुसरी मातीत गेली. दोन दिवस त्या धड जेवल्या न्हाईत. बायकोनं फोनवर हे सांगितलं आन् मी लगेच म्हणालो, "आईंना सांग, रविवारी येतोय. मशीन घेऊन."

पुण्यात एकजण असली मशीनं भाड्यानं देतो. त्यानं विचारलं, "काय शोधायचंय? बारीक दागिना, नाणी, का खोल पुरलेलं काही? त्यावर मशीन ठरतं."

आता दहा वर्षांचा अनुभवी माणूस असल्या प्रश्नाला उत्तर देतो व्हय?

"सगळ्यात मोठं कुठलं?"

"ते खोलातलं शोधतं, पण साहेब..."

"तेच द्या."

लांब दांडी आन् दोन्ही टोकांना पेटी. कावडच म्हणा ना. रुबाब पडावा म्हणून कंपनीचा युनिफॉर्म चढवला आन् ती कावड घेऊन कांद्याच्या वाफ्यात उतरलो. चार पावलं चाललो, थांबलो, पेटी खाली टेकवली. मशीन ठणाणा वाजलं.

सासऱ्यांनी कुदळ घातली. गुडघाभर खणलं, काही न्हाई. मशीन वाजतंच हाय.

"आबा, सोनं जड असतं," मी समजावलं. "खाली सरकतं."

"दोन दिवसात गुडघ्याएवढं?"

"भिजवलेलं रान हाय ना."

ते बिचारे खणत राहिले. मी दुसरीकडं थांबलो, तिथंही वाजलं. तिसरीकडंही. तेवढ्यात शेजारचे आप्पा बांधावर आले, खड्डे बघितले आन् गावात जाऊन सांगितलं की आबांच्या रानात हंडे लागलेत. तासाभरात बांधावर पंचवीस माणसं. चौघं तर आपापल्या कुदळी घेऊन आले. मी बोट दाखवायचं आन् त्यांनी खणायचं. खरं सांगतो, एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

सातवा खड्डा झाला तवा सासूबाई जवळ आल्या. "जावईबापू, एक विचारू का? रागवू नका."

"विचारा की."

"तुम्ही पायापाशी टेकवलं की वाजतंय. हात लांब केला की गप. पायात काय हाय?"

पायात कंपनीचे सेफ्टी बूट होते. बोटांवर लोखंडाची वाटी बसवलेले.

बूट काढले. मशीन मुकं झालं. कुदळीवाले चौघं घराकडं वळले. बाजूला होऊन मशीनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, तेच सांगत होतो. त्याला हंडा दिसतो, वाटी दिसत न्हाई."

फोन ठेवून वळलो तर सासूबाई घरातून चाळण घेऊन आल्या होत्या. ज्या वाफ्यात बसून त्यांनी कांदा काढला, तिथंच बसून माती चाळायला लागल्या. अर्धा तास लागला. वाटी सापडली, तीही वीतभर मातीत. त्यांनी ती पदराला पुसली, कपाळाला लावली आन् मग जेवायला बसल्या. मीही बसलो, मान खाली घालून.

परवा आप्पांचा फोन आला. त्यांच्या सुनेचं कानातलं गोठ्यात पडलं होतं. मी सावरून बसलो. म्हणालो, "आता अनुभव आलाय, आप्पा. बारीक दागिन्याचं छोटं मशीन लागतं. रविवारी घेऊन येतो."

"न्हाई, न्हाई, तुम्ही कशाला येताय," आप्पा म्हणाले. "तुमच्या सासूबाईंच्या घराला कुलूप हाय, फोनही उचलंनात. त्यांची चाळण पाहिजे होती, तेवढं विचारता का?"