येळवशीचा डबा

येळवशीला शेतात डबा घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझाच नवरा होता. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून शेतात जेवायला बसवतात. अशा दिवशी खुद्द शेताचे मालक हातात स्टीलचा डबा धरून आले. डब्यात पनीर, थोडे अक्रोड आणि वर थिजलेलं तूप. शेजारच्या बांधावरच्या बायका बघत होत्या. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

त्याच्या आदल्या वर्षी मालकांच्या छातीत दुखलं, म्हणून सोलापूरला नेऊन हृदयाच्या नसेत स्प्रिंग टाकली. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज चालायचं, तेल-मीठ बेतानं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवलं, एवढं मला पहिल्याच वेळी कळलं. पण साधं सांगणं आमच्या माणसांच्या पचनी पडत नाही. आणि फुकट सल्ला देणाऱ्यांची नात्यात कमी नव्हती.

पहिले आले पुण्याहून थोरले दीर. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दोनच कामं, मोबाइलवर व्हिडिओ बघणं आणि ते दुसऱ्याला दाखवणं. त्यांचा पंथ बिनतेलाचा. तेलाचा थेंब म्हणजे विष, भाजीला फोडणी पाण्याची. मोहरी पाण्यात तडतडत नाही, हे मला साठीला आल्यावर दोन शिकल्यासवरल्या पुरुषांना गॅसपुढं उभं करून दाखवावं लागलं. तरी भावजी म्हणाले, सवय होईल. मोहरीला की मला, ते त्यांनी सांगितलं नाही.

आमच्या रानात करडई होते. अणदूरच्या घाण्यावरून तेल काढून आणलं की वर्षाची चिंता नसते. तो तेलाचा डबा देवघरात गेला. देवांना कुणी पथ्य सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांचा दिवा झकास जळायचा आणि मालक समोर बसून उकडलेला दोडका चावायचे. दोन महिन्यांत गालफडं बसली. लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठून यायचे आणि घरी माझ्यावर डाफरायचे.

मग उमरग्याहून नणंदेचे मालक आले. हायवेला त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. कुठल्याशा शिबिराला जाऊन त्यांचं पोट आत गेलं होतं आणि जीभ बाहेर आली होती. त्यांच्या कोर्टात तेल-तूप निर्दोष सुटलं आणि ज्वारीला फाशी झाली. आमच्याच ओसरीत, मागं कडब्याची गंजी लागलेली असताना, हा माणूस भाकरीला विष म्हणत होता. मी भाकरी थापता थापता ऐकत होते. हात थांबवला नाही, नाहीतर पीठ त्यांच्या अंगावर गेलं असतं.

आणि मालकांनी ऐकलं. ज्यांच्या तीन पिढ्या ज्वारीवर पोसल्या, ते सकाळी वाटीभर पातळ तूप डोळे मिटून घशाखाली ढकलायला लागले. लहानपणी एरंडेल पाजताना पोरं करतात तसं तोंड करून. चहात लोणी. भाकरी बंद. उभ्या संसारात ज्यांनी मीठ कुठल्या डब्यात असतं ते विचारलं नव्हतं, ते आता मला स्निग्ध पदार्थांचे प्रकार समजावत होते. दोन्ही पंथांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: मी जे रांधते ते चूक.

मी हसायचे, टोमणे मारायचे, पण मनातून घाबरलेली होते. सासरे असेच गेले होते. छातीला हात लावून बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मालकांचं वय आता तेवढंच झालं होतं. म्हणून मी भांडणं वाढवली नाहीत. म्हटलं, काय प्यायचं ते पिऊ देत, गोळ्या तर चालू आहेत ना.

येळवशीला सगळा गोतावळा शेतात जमला. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली, आत पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुना लावून पूजा झाली. डाळी-पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, आंबिलाचा डेरा, सगळं मांडलं. दोन्ही पंथांचे महंत हजर होते. भज्जीच्या फोडणीत तेल किती, यावर भावजी बोलायला लागले आणि उंड्यात पीठ किती, यावर नणंदेचे मालक. मालक डबा बाजूला ठेवून आंबिल शिंपडायला निघाले. रीत अशी की शेताच्या धन्यानं चारी बाजूंनी शिवार शिंपून यायचं, त्यानं पहिला घास घ्यायचा आणि मग पंगत बसायची.

ते हरभऱ्याच्या कडेपर्यंत गेले आणि खाली बसले.

मी पळत गेले. घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. मागून दोघे आले आणि माझा नवरा जमिनीवर पडलेला असताना त्याच्या डोक्याशी उभं राहून वाद घालायला लागले. एक म्हणाले, तुपानं नस तुंबली. दुसरे म्हणाले, आधीच्या बिनतेलानं अंगातली ताकद गेली. जिभेखाली ठेवायची गोळी मालकांनी कायम खिशात बाळगायची होती. मी खिसा चाचपला. खिशात अक्रोड.

"गोळी कुठंय?"

"न्हाय," मालक खाली बघत म्हणाले. "समद्याच बंद केल्यात. दिवाळीपास्नं."

"कुणी सांगितलं?"

 नणंदेच्या मालकांना तेवढ्यात लांबचं आभाळ बघायचं होतं.

मी आयुष्यात दिरासमोर कधी आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. फक्त म्हणाले, "तूप प्या न्हायतर तेल सोडा, मला कायबी फरक पडत न्हाय. मला माणूस पायजे."

जीपमध्ये घालून उमरग्याला नेलं. दोघे महंत मागच्या सीटवर, आणि हद्द म्हणजे जळकोट येईपर्यंत त्यांचं खोबरेल तेलावर चाललं होतं. शेवटी नणंदच मागं वळून म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आता तरी गप बसा." तेव्हा कुठं जीप शांत झाली.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. या खेपेला हृदय वाचलं होतं. उपाशीपोटी उन्हात फिरल्यानं चक्कर आली होती. मी तेल, तूप, भाकरी सगळं भडाभडा सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. जेवणाचं मागनं बोलू, म्हणाले, आधी गोळ्या कुणी बंद केल्या ते सांगा. दोन्ही महंत चप्पल शोधायला बाहेर गेले.

दिवस मावळताना आम्ही शेतावर परतलो. एकही माणूस जेवलेला नव्हता. धन्यानं घास घेतल्याशिवाय पंगत बसत नाही, म्हणून लेकराबाळांना तेवढं वाढून बाकी सगळे कोपीपुढं बसून होते. मालक जीपमधून उतरून सगळ्यांच्यात मांडी घालून बसले आणि थंड झालेल्या भज्जीत उंडा कुस्करून त्यांनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भज्जी तिखट झाली, असं ते म्हणाले. तिखट मी बेतानंच घातलं होतं.

आता आमच्या घरी कुठलाच पंथ नाही. फोडणीला करडईचं तेल, पण पळी माझ्या हातात. वरणावर तूप, पण नावापुरतं. भाकरी दोन्ही वेळा, थोडी भूक ठेवून. व्हिडिओ दाखवायला येणाऱ्याला मी चहा देते, बिनलोण्याचा, आणि मोबाइल उपडा ठेवायला सांगते.

ताटात मीठ वाढायची जागा असते ना, डाव्या बाजूला वर, तिथं मी गोळ्या वाढते. वरचं मीठ तोडलंच आहे, जागा मोकळी होती. मालक पाण्याबरोबर गोळ्या घेतात आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून मला दाखवतात. त्यांना वाटतं, मी शिक्षा करते आहे. मी नीट बघून घेते, आणि मगच माझ्या घशाखाली घास उतरतो.