तुमची तिथं जमीन असेलच

मुंबईच्या विमानतळावर जायला निघालेली आमची गाडी आधी उलट्या दिशेनं नेवाशाला गेली. टपावर चार बॅगा दोरीनं करकचून बांधलेल्या. पुढं ड्रायव्हरशेजारी माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. मागं आई, मी आणि माझा नवरा संजय. आमचं गाव घोडेगावच्या अलीकडं. तिथून नगर, नगरहून मुंबई आणि मग अमेरिका, असा सरळ रस्ता. पण दादा म्हणाला, जाता जाता रजिस्टर ऑफिसचं तेवढं काम उरकून घेऊ. जाता जाता म्हणे! पाऊण तास उलटं जायचं आणि तेवढंच परत यायचं. संजय सारखा घड्याळाकडं बघत होता, पण जावई माणूस बोलणार काय.

आमच्या वडिलांना, आप्पांना, जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर त्यांच्या जागी आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं होतं. त्यातलं माझं नाव काढायचं होतं. याला हक्कसोड म्हणतात. बहिणीनं आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, मोबदला न घेता, राजीखुशीनं. आमच्याकडं बहिणी ते करतातच. जी करत नाही तिच्याबद्दल भावकी काय बोलते ते मी लहानपणापासून ऐकलं होतं.

तिथं मला कॅमेऱ्यापुढं बसवलं, मशीनवर अंगठा घेतला, चार ठिकाणी सह्या घेतल्या. सगळं मिळून दहा मिनिटं. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून मातीच्या विषयात एम.एस्सी. केलेली बाई मी, पण कागद वाचला नाही. जबरदस्ती कुणी केली नाही, हे आधीच सांगते. गाडीत आई एवढंच म्हणाली होती, "भावाशी वाकडं घेऊन म्हायेर टिकत न्हाई, वैशे." आणि दादा म्हणाला होता, "तू आता अमेरिकेला चालली. तुला काय करायची हाय माती?" सगळे हसले. मीपण हसले. खरं सांगायचं तर मला तेव्हा लई मोठं वाटलं होतं. दीड एकर काळी जमीन, मुळा धरणाच्या पाटाचं पाणी असलेली, आणि मी ती हात झटकल्यासारखी सोडून दिली. बाहेरच्या हॉटेलात चहा झाला, वहिनीनं पाठवलेली साडी दादानं माझ्या हातात ठेवली. आवळा देऊन कोहळा काढणं शाळेत पाठ केलं होतं, समोर घडताना दिसलं नाही.

आम्ही ज्या राज्यात आलो त्याचं नाव सांगून उपयोग नाही. गावाकडं सगळ्यांना 'अमेरिका' एवढंच पुरतं. नकाशाच्या मधोमध आहे. मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. संजयला शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. मला पहिली काही वर्षं काम करायची परवानगी नव्हती, म्हणून मी रोज लायब्ररीत जाऊन इथला साप्ताहिक पेपर वाचायची. आठ पानं. कुणाच्या आजीला नव्वदावं लागलं, शाळेत जेवायला काय आहे, कुठल्या शेतावर जुन्या ट्रॅक्टरचा लिलाव. सुरुवातीला नाकं मुरडली. मग लक्षात आलं, हे तर आपल्या बाजारातल्या गप्पांसारखंच आहे, फक्त छापलेलं. पुढं परमिट आलं, मातीपरीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिथं रेडिओ दिवसभर चालू. मक्याचा भाव, हवामान आणि राज्याच्या राजधानीत कोण काय बोललं. वर्षभरात मला इथल्या आमदारांची नावं आपल्याकडच्यापेक्षा जास्त पाठ झाली.

एका गोष्टीचं मला भारी कौतुक वाटायचं. इथले बरेचसे आमदार स्वतः शेतकरी. वर्षातले तीन-चार महिने राजधानीत बसतात, मग पेरणीला घरी. कुठलाही कायदा करायचा तर समितीपुढं सुनावणी होते, आणि कुणीही, अगदी कुणीही, नाव लिहून दोन मिनिटं बोलू शकतं. मी फोनवर आईला हे रंगवून सांगायची. आपल्याकडं आमदाराला भेटायचं तर आधी त्याच्या पीएच्या पीएला नमस्कार करा. इथं नुसतं नाव लिहायचं! आई म्हणायची, "बरं हाय की मग." तिला त्यात काय एवढं, हे कळत नसावं. मला आता कळलंय, त्यात खरंच एवढं काही नव्हतं. बोलू देतात, हे खरं. तेवढंच.

लॅबमध्ये डोरिस नावाच्या म्हाताऱ्या बाई माती घेऊन यायच्या. ऐंशीच्या घरातल्या, नवरा वारलेला, मुलं लांब शहरांत. इथं सगळे नुसत्या नावानं हाक मारतात, पण मला जमलं नाही. मी मनात त्यांना डोरिसबाईच म्हणायची. त्यांची ओढ्याकाठची आठ एकर पडीक होती. मी त्या मातीचा रिपोर्ट केला आणि रिपोर्ट देताना तोंडातून निघून गेलं, की बाई, ही माती लई चांगली आहे, हिला असं पाडून ठेवू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला त्यातला एक तुकडा करायला दिला. मी मेथी, गवार, वांगी, मिरची लावली. गवार इथं लागते, विश्वास ठेवा. चार तालुक्यांइतक्या अंतरावरून आपली माणसं भाजी न्यायला यायची. तिसऱ्या वर्षी डोरिसबाई म्हणाल्या, तूच घे ही आठ एकर. माझ्या मुलांना नको आहे, तुला हवी आहे.

हवी होती. किती हवी होती ते मला त्या दिवशी कळलं. बांधावर उभं राहून हे माझं आहे म्हणावं, एवढंच. चाळिशी उलटल्यावर एवढंच मागणं उरलं होतं. आम्ही बँकेत बोललो, डोरिसबाईंनी वकील पाहिला. आणि मग पेपरात बातमी आली. राज्यात नवा कायदा येतोय: जो नागरिक नाही, ज्याच्याकडं ग्रीन कार्डही नाही, त्याला शेतजमीन घेता येणार नाही. बातमीत सगळा राग परदेशी कंपन्यांवर होता. पण ओळी नीट वाचल्या तर त्या जाळ्यात मी होते. आमच्या ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब, की आमचा नंबर बहुतेक आमच्या तेराव्याला येईल.

मी नाव लिहिलं. डोरिसबाई स्वतः गाडी चालवत मला राजधानीत घेऊन गेल्या. आठ दिवस मी आरशापुढं उभी राहून दोन मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. मी शेतकऱ्याची मुलगी. मी तुमच्याच शेतांची माती तपासते. मी कंपनी नाही. मला आठ एकर भाजी लावायची आहे. खोलीत बसायला जागा नव्हती, बूट-टोप्या घातलेले शेतकरी भिंतीला टेकून उभे. टेबलावर छोटा दिवा होता: बोलताना हिरवा, संपत आलं की पिवळा, मग लाल. माझं भाषण पिवळ्यावर संपलं. चांगलं झालं होतं. मागून कुणीतरी हळूच टाळ्यासुद्धा वाजवल्या.

समितीचे अध्यक्ष सत्तरीचे असतील. हाताची बोटं आप्पांसारखी जाड, नखांत काळं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "मॅम, तुमच्या राज्यात मला शेत विकत घेता येईल का?"

मी म्हणाले, नाही.

"आणि तुमच्याच राज्यातल्या, पण शेतकरी नसलेल्या माणसाला?"

खोटं बोलायला हवं होतं का? मला खोटं सुचलंही नाही. कारण याच विषयावर आप्पा उभा जन्म बोलत आले होते. हायवेला लागून पुण्याची माणसं जमिनी बघत फिरायला लागली, तेव्हा आप्पा पारावर बसून म्हणायचे, "कुणब्याची जिमीन कुणब्याकडंच ऱ्हायली पायजे. कायदा हाय म्हनून वाचलो." मला ते शंभर टक्के पटायचं. अजून पटतं. म्हणून मी खरं तेच सांगितलं. नाही घेता येत. आमच्याकडं शेत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, सातबारा दाखवावा लागतो.

ते मान हलवून म्हणाले, "मला तो कायदा आवडला. म्हणजे तुमची तिथं जमीन असेलच."

दिवा लाल झाला होता, पण ते उत्तराची वाट बघत होते. सगळी खोली बघत होती. मी म्हणाले, नाही.

"विकली?"

"नाही. सोडून दिली. भावाला."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. थँक यू, मॅम, म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. माझ्या बाजूनं मत द्यायला त्यांच्याकडं आता काय होतं? शेतकऱ्याची मुलगी म्हणून आलेली बाई, जिनं स्वतःची जमीन एका सहीवर टाकून दिली, ती आमची कशी सांभाळणार, असं मीच त्यांच्या जागी असते तर म्हणाले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

परतीच्या वाटेवर डोरिसबाईंनी मला तीनदा विचारलं, की पण तू ती दिलीस का? मी इंग्रजीत सांगायला लागले, की भावाशी संबंध राहावेत म्हणून. त्या म्हणाल्या, मग जमीन मागितली असती तर भाऊ बोलला नसता का? मी म्हणाले, बोलला नसता. त्या म्हणाल्या, मग तसा भाऊ ठेवून काय केलंस? मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. त्यांना काय कळतंय आमच्यातलं, असं वाटलं. आजवर हा प्रश्न मला आमच्या माणसांपैकी कुणीच विचारला नव्हता, राग त्याचा होता.

कायदा मंजूर झाला. ओढ्याकाठची आठ एकर शेजारच्या मकावाल्यानं घेतली. डोरिसबाईंनी मला फोन करून रडत सांगितलं, त्यांचा दोष नव्हता. माझी वांगी गेली, मका आला.

मग मी एक केलं, जे इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. दादाला फोन लावला आणि म्हणाले, माझ्या नावावर थोडी तरी करून दे. अर्धा एकर, दहा गुंठे, काहीही. पीक तूच घे, फक्त नाव लागू दे. दादा आधी हसला. मग चौकशी करून सांगतो म्हणाला, आणि आठवड्यानं त्याचा फोन आला. "वैशे, म्या दिली असती गं. पन तलाठी म्हनतो, परदेशात ऱ्हानाऱ्याला शेतजिमीन घेता येत न्हाई, बक्षीस बी न्हाई. वारसानं आली तरच चालती." आवाजात दुःख होतं की सुटकेचा श्वास, ते मी इथं लिहीत नाही. तो रात्रंदिवस त्या रानात राबतो, कांद्याचं आणि उसाचं सगळं त्यानंच केलंय, हे मला मान्य आहे. आणि त्याचा मला संताप येतो, हेही मान्य आहे. दोन्ही एकत्र राहतं, काय करू.

पण त्याच्या त्या एका वाक्यात मला वाट दिसली. वारसानं आली तर चालते. आईचं नाव होतं की सातबाऱ्यावर! तिचा वाटा अजून होता. तिनं नुसतं कागदावर लिहून ठेवलं की माझ्यामागं हे लेकीचं, तर कुणाचाच कायदा आड येणार नव्हता, ना इथला ना तिथला. त्या रविवारी दादा रानात गेल्याची वेळ साधून मी आईला फोन केला. लाजच वाटत होती. जिवंत आईला तिच्या मागचं विचारायचं म्हणजे जीभ उचलत नाही. तरी विचारलं.

पलीकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "माझ्या नावावर काय हाय गं आता? तू गेली त्याच म्हैन्यात म्या बी अंगठा दिलाय."

मी विचारलं, का? कुणी सांगितलं होतं? मला का नाही बोललीस?

"तू शिकली-सवरल्याली. तू सई केली. मग म्या कुटल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

मला हे सगळं तुम्हाला सांगायचं आहे, तिथं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बॅगा बांधून निघालेल्यांनाही. आपण आपलं सोडतो, तेव्हा आपल्यामागं उभी असलेली बाईसुद्धा सोडून देते. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी फक्त माझा दीड एकर दिला. घर कुठलं असं इथं कुणी विचारलं, की मी अजूनही आमच्या गावाचं नाव सांगायची. मनात असायचं, आपलं नसलं तरी आईचं आहे.

फोन ठेवायच्या आधी मी तिला म्हणाले, आई, मी दिवाळीला येते घरी. ती पन्नास वर्षं त्या घरात राहिली आहे. तिथल्या भिंती तिनं सारवल्या, आप्पांच्या मागं तिथली चूल तिनं विझू दिली नाही. ती म्हणाली, "ये की. पन आदी दादाला इचार हां, घर त्येचं हाय."