हिरव्या पट्ट्यातलं मोहोळ

आमचं घर आणि आमची तंबाखूची वखार एकाच जमिनीत आहेत, निपाणीहून बोरगावकडे जाताना. मध्ये झाडांचा पट्टा आहे. तो मीच लावला. घराच्या आजूबाजूला प्लॉट पडले, नवी घरं झाली आणि तंबाखू चाळताना उडणारा खकाणा लोकांच्या घरात शिरू लागला. पोरं शिंकून बेजार व्हायची. पंचायतीत तक्रार गेली. घरं आणि वखार यांच्यामध्ये दाट झाडी राखा, असं मला सांगण्यात आलं.

मी अडुळसा लावला, निरगुडी लावली, मागे सिल्व्हर ओकची रांग लावली. एक जुना करंज होता, तो तसाच ठेवला. काही वर्षांत घरातून वखार दिसेनाशी झाली. शेजारी खूश झाले. मीही झालो, आणि खरं सांगायचं तर खकाण्याचं मला फारसं काही नव्हतं. तोंडाला फडकी बांधून तंबाखूत बसलेल्या बायका खिडकीतून दिसल्या की मला घास गिळवत नसे. त्या दिसू नयेत, एवढंच मला हवं होतं.

यंदा थंडीत करंजावर आग्या मोहोळ बसलं.

आधी ती काळी, वाळकी फांदीच वाटली. मग तिच्यावरून एक लाट सरसर खाली गेली आणि माझ्या अंगावर काटा आला. बघता बघता ते दाराच्या फळीएवढं झालं. फांदी वखारीच्या बाजूला झुकलेली होती, आणि बायका दुपारी तिच्याचखाली भाकरी सोडत. आमच्या बाजूच्या खिडक्यांना जाळ्या होत्या.

आक्का आमच्याकडे आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासून कामाला. बायकांत तिचाच शब्द चालतो.

“अण्णा, वर बघितलासा का?”

“बघितलं.”

“मग त्येंची बी हजेरी लावायची काय आमच्यासंगं?”

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. एका मळ्यात मोहोळ उठलं तेव्हा माणसं पळाली आणि दाव्याला बांधलेले बैल तिथंच राहिले, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती. बैलांचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

आम्ही जैन. आईसमोर धुराचं नाव काढलं तर ती म्हणाली, “पाऊस यायच्या आत जातील आपणहून. एवढे जीव कशाला जाळतोस?” ते खोटं नव्हतं. मी ते बोलणं धरून बसलो. बायकांना जेवायला दुसरीकडे बसायला सांगितलं. रोज सकाळी आधी मी करंजाखालून जायचो. वरचा आवाज ऐकायचो आणि भराभर परत यायचो.

एका दुपारी मी पट्ट्यातून वखारीकडे निघालो होतो. वरून एक शिकारी पक्षी आला आणि त्यानं पोळ्यावर झडप घातली. चढाला लागलेल्या ट्रकसारखा आवाज झाला. मी पळालो. वखारीचं दार जवळ होतं, पण मी घराकडे पळालो. कडी लावली आणि खिडकीशी आलो.

काहीच दिसेना. मीच लावलेली झाडं इतकी दाट झाली होती. शटर ओढल्याचा आवाज आला, मग कुणीतरी ओरडलं, मग तेही थांबलं. आक्काला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. ते थांबलेलं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

शेवटी तिचाच फोन आला.

“आमी आत हाय. शटर वडलंय. एक पोरगी भाईर घावली, तिला पोत्यात गुंडाळून आणलीया. तुमी कुटं हायसा?”

“घरात.”

 “बरं झालं. आता रिक्षा बोलवा.”

पोरीचं तोंड ओळखू येत नव्हतं. निपाणीच्या दवाखान्यात ती वाचली. कामावर परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, “मध काढणाऱ्याला मी सांगितलंय. तुमी बाहुबलीला जाऊन या, आप्पा जायाचे तसं. आल्यावर झाड मोकळं असंल. तुमास्नी काय म्हायतीच न्हाय.”

तंबाखूला कीड लागली की आप्पा देवदर्शनाला बाहुबलीला जात. ते नसताना कुणीतरी औषध मारी. ते परत आले की कीड गेलेली असे, आणि कुणी काही विचारत नसे. मी पिशवी भरली.

आई दारात उभी होती.

“आप्पा कशाला जायचे, मला कळायचं,” ती म्हणाली. “मीच डबा भरून द्यायची. तुलाही देऊ का?”

मी पिशवी खाली ठेवली. धूर करताना मी इथेच थांबणार, असं तिला सांगितलं. ती चप्पल घालून बस्तीत, आमच्या मंदिरात, दर्शनाला निघून गेली.

मी घरोघर जाऊन खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा मध काढणाऱ्यानं बांबूला ओल्या पाल्याची पेंडी बांधून पेटवली आणि तो करंजावर चढला. आक्का आणि दोघी-तिघी वखारीच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ उभा राहिलो. माश्या अडुळशाच्या पानांवर टपटप पडू लागल्या. मी मान वळवली नाही. माझ्या वखारीसाठीच हे चाललं होतं.

“सगळ्या मेल्या का?” मी विचारलं.

“कुटं? निम्म्या उडाल्या,” तो वरून म्हणाला. “परत फांदीवर यायला बघणार त्या. लई चिडल्यात. आत जावा सगळी.”

आम्ही आत गेलो आणि मी शटर ओढलं. खकाण्यानं मला ठसका लागला. आक्कानं तिच्याजवळचं एक फडकं पुढे केलं.

“बांधा तोंडाला. सवय न्हाय तुमास्नी.”

मी ते बांधलं आणि पोत्यांना टेकून बसलो. बाहेर पत्र्यावर काहीतरी आपटत होतं, थांबत होतं, पुन्हा आपटत होतं.